शेवंतीचा रिपोर्ट आणि माझा शांत स्वभाव

८ जानेवारी २००६, रविवार. स. ७.
आजपासून राग बंद. बायकोने, उर्मिलाने, ही डायरी दिली. म्हणाली, हात उचलण्याआधी लिहून काढत जा, निदान शाई तरी संपेल. तसा मी मुळात शांत. लोकच त्रास देतात. नियम: राग आला की दहा आकडे मोजायचे.

त्याच दिवशी, स. ९.
शेवंती पुन्हा ओकली. आठवड्यात चौथ्यांदा. हिरड्या पांढऱ्याफटक. खिडकीवर उडी मारायला गेली आणि धपकन पडली. पडून माझ्याकडे बघत राहिली, म्यावसुद्धा नाही. व्हीआरएस घेतल्यापासून दिवसभर माझ्या सोबतीला ही मांजर. तिच्यावर मी कधीच ओरडलो नाही. अख्ख्या भाईंदरमध्ये अशी ती एकटीच.
चारपर्यंत मोजलं आणि बिस्किटांचा डबा भिंतीवर फेकला. डब्याला जीव नसतो, त्यामुळे नियम मोडला नाही.

९ जानेवारी.
विषप्रयोग. शंभर टक्के. समोरच्या फ्लॅटमधली हंसाबेन! शेवंती दुपारची तिच्याकडे जाते, दूध पिते, झोपते. आमच्या सुकटीच्या वासाला हंसाबेन जिन्यात नाकाला पदर लावते. मच्छीवाल्यांच्या मांजरीला संपवायला तिला कितीसा वेळ?
वॉचमन नाथाला साक्षीदार म्हणून विचारलं. तो म्हणाला, न्हाय हो साहेब, ती बाई मुंगीला साखर घालते. म्हणजे हाही फितूर. कॉलर धरली. नाथा काशीगावचा, शेतात राबलेला. त्याने माझा हात पाठीमागे पार मानेपर्यंत नेला. वयाचा मान राखून मी त्याला सोडून दिलं.

१० जानेवारी.
शेवंतीला रेक्झिनच्या बॅगेत घालून सिल्व्हर पार्कला डॉक्टरकडे. रिक्षात बॅगेची चेन सरकली. शेवंती थेट ड्रायव्हरच्या मानेवर. रिक्षा डिव्हायडरवर. ड्रायव्हर हिंदीत माझ्या आईवर आला, मी मराठीत त्याच्या आजीवर गेलो. मोजायला वेळच मिळाला नाही. त्याचा आरसा गेला, माझी तीन बटणं.
डॉक्टर क्षितिजा आमच्या भाचीच्या वयाची. रक्त काढताना शेवंतीने कंपाउंडरचा अंगठा फोडला आणि माझं नाक उभं फाडलं. एवढी अशक्त असून! अभिमान वाटला. डॉक्टर म्हणाली की अंगात रक्तच नाही, कारण कळत नाही, टेस्ट करू, सोमवारी रिपोर्ट. तोवर ताकदीचं द्या.

११ जानेवारी.
ताकदीचं म्हणजे काय, हे रत्नागिरीच्या माणसाला शिकवू नये. आमच्याकडे बाळंतिणीला लसूण देतात. आई म्हणायची, लसूण खा, रक्त वाढेल. शेवंतीच्या सुकटीत रोज चार पाकळ्या ठेचून असतातच. आजपासून आठ. तोंड फिरवत होती. उर्मिलाने धरलं, मी चमच्याने घातलं. हातावर सहा ओरखडे. औषध कुणाला गोड लागतं?

१४ जानेवारी. संक्रांत.
शेवंती उठत नाही. लघवी चहासारखी. मला भीती वाटतेय. (हे कुणाला सांगणार नाही.)
उर्मिला म्हणाली, सणाचा दिवस आहे, हंसाबेनला तिळगूळ देऊन या आणि भांडण मिटवा. गोड बोलायचं ठरवूनच गेलो. म्हटलं, तिळगूळ घ्या आणि मांजरीला काय घातलंत ते सांगा. ती म्हणाली, भाईसाब, सिर्फ दूध, बीमार तो वो आपके घर का खा के होती है.
तीन मोजले. चारला लाडू हातातून सुटला. उर्मिलाचा पाक दरवर्षी पुढे जातो, लाडू म्हणजे धोंडा. हंसाबेनची ट्यूबलाइट फुटली, काचा कढीत. तिने वेलण, म्हणजे लाटणं, हाणलं माझ्या मनगटावर. दोनदा. मुंगीला साखर घालणारी बाई! अहिंसा काय ती मुंग्यांपुरतीच.
डाव्या हाताने लिहितोय. मन मात्र शांत आहे.

१६ जानेवारी. दु. १२.
रिपोर्ट आला. जंतू नाहीत, किडनी ठीक, लिव्हर ठीक, उंदराच्या औषधाचं विष नाही. तरी रक्तातल्या लाल पेशी फुटतायत, आणि आज पुन्हा थेंब तपासला तर मागच्यापेक्षा जास्त. डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, घरात कांदा-लसूण चालतो का?
बस्स!
हा प्रश्न मी चांगला ओळखतो. पंच्याण्णव साली आम्ही परळहून इकडे फ्लॅट बघायला आलो, तेव्हा एजंटने सात बिल्डिंगींत हाच विचारला होता. चालतो म्हटलं की फ्लॅट नुकताच गेलेला असायचा. मग इंद्रलोक कॉलनीत कसाबसा मिळाला. आणि आता मांजरीवर उपचार करायलाही हीच अट?
टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, चालतो! रोज चालतो! मांजरीलाही चालतो, आठ पाकळ्या! इथे टेबलावर ठेचून दाखवू? ती अहो ऐका, अहो ऐका करत राहिली. वजनकाटा माझ्या पायावर पडला. अंगठ्याचं नख गेलं. शेवंतीला उचललं आणि लंगडत बाहेर आलो. माणसाला स्वाभिमान असावा.

त्याच दिवशी, दु. ३.
माझ्या वतीने माफी मागायला उर्मिलाने डॉक्टरला फोन केला. दहा मिनिटं नुसतं हं, हं. फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं. आत गेली, खलबत्ता आणला आणि खिडकीतून खाली फेकला. नाथा थोडक्यात वाचला. तीस वर्षांच्या संसारात तिने कधी चमचा आपटला नव्हता.
मग सांगितलं. लसूण मांजराला विष. कांदाही. रक्त फोडतं. डॉक्टर तेच विचारत होती.
चार पाकळ्या. मग आठ. माझ्या हाताने, चमच्याने.
मोजायला लागलो. दहाच्या दहा पूर्ण झाले, पहिल्यांदाच. कुणाला मारावं ते सुचेना.

त्याच दिवशी, दु. ४.
परत सिल्व्हर पार्क. शेवंतीला सलाइन. डॉक्टर म्हणाली, तीन दिवस काढले तर वाचेल. ज्याचा अंगठा फुटला त्या कंपाउंडरने चहा दिला.

१९ जानेवारी.
शेवंतीने कंपाउंडरचा दुसरा अंगठा फोडला. वाचली! त्याच्या गळ्यात पडून रडलो. तोही रडत होता, त्याचं कारण वेगळं.

२३ जानेवारी.
शेवंतीला घरी सोडताना डॉक्टरची अट: घरातून कांदा-लसूण बंद, नाहीतर तिच्यासाठी तसं घर बघा. मी म्हटलं, बंद म्हणजे बंद! शेवंतीसाठी जीव देईन, लसूण म्हणजे काय?

२४ जानेवारी. दु. १.३०.
बोंबलाचं कालवण, लसणीशिवाय. दोन घास खाल्ले. तिसऱ्याला ताट भिरकावलं. ते शेवंतीच्या शेपटीजवळून गेलं.
लागलं नाही. पण ती कपाटाखाली गेली. माझ्या भीतीने, पहिल्यांदा.
उर्मिलाने तिला उचललं आणि हंसाबेनकडे नेऊन ठेवलं. तात्पुरतं.

५ फेब्रुवारी. रविवार. सायं. ६.
शेवंतीला भेटायची वेळ पाच. आधी हंसाबेनकडे नवी ट्यूब बसवून दिली. मग ती आतल्या खोलीचं दार अडवून उभी राहिली आणि विचारलं, भाईसाब, कांदा-लसून खाया क्या? मान खाली घालून म्हटलं, नाही.
दुपारी ठेचा खाल्ला होता. थोडाच.
तिने शेवंतीला हाक मारली. आली. अंगावर चकाकी, पोट सुटलेलं. मी हात पुढे केला. तिने बोटं हुंगली, कान पाडले, फिस्स केलं आणि हंसाबेनच्या साडीमागे गेली. हंसाबेनने तिच्या पाठीवरून हात फिरवला. वेलण मारलं असतं तर बरं झालं असतं.
घरी येऊन हात धुतले. लिंबाने, राखेने, मग साबणाने. आता हुंगून बघतोय.
येतोय अजून.