चौदा नंबरची म्हातारी

८ डिसेंबर १९२४. सकाळी
सोलापूर, प्लेग कँप. चिपळूण सोडून चार दिवस झाले. गावाबाहेर तट्ट्याच्या झोपड्या, शहरात घराघराला कुलपं. व्हॉलंटिअर म्हणून माझी ड्यूटी सोपी. रोज प्रत्येक झोपडीत आत जाऊन पाहायचं, कुणाला ताप असला तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. पहिल्या दिवशी कळलं तर माणूस वाचू शकतो म्हणे.
संकल्प: तक्रार बंद. रोज एका गोष्टीबद्दल देवाचे आभार, लेखी.

संध्याकाळी
भाकरी दगडासारखी. भात नाही. मासे तर विसराच. आभार: दात शाबूत आहेत.

९ डिसेंबर
परक्या बायकामाणसांच्या झोपडीत घुसणं सभ्य माणसाला शोभत नाही. दारातूनही सगळं दिसतं. भीतीचा प्रश्नच नाही, मी टोचून घेतलंय.
चौदा नंबरात नीलव्वा नावाची म्हातारी आणि तिचा नवरा. मूळ मैंदर्गीकडचे, भवानी पेठेत मागावर होते. नवरा भरदुपारी घोंगडी घेऊन पडलेला. आळशी दिसतो. म्हातारीला मराठीचं अक्षर येत नाही, पण मला बघून हात जोडले आणि म्हणाली, बा. मी पंचविशीचा, आणि ही मला बाप म्हणते! अहो, डोळे भरून आले. आभार: हेच.

१० डिसेंबर
नीलव्वा पुन्हा बा, बा. बाहीच धरली. इतकी भक्ती बरी नव्हे. हळूच सोडवून घेतलं आणि कार्बोलिकनं तीनदा हात धुतले. रजिस्टरात ‘आत जाऊन पाहिले, ठीक’ लिहिलं. सगळ्या झोपड्यांच्या नंबरांपुढे तेच लिहितो, अक्षर नीट येतं. उद्या नक्की आत जाईन.

११ डिसेंबर. दुपारी
डोकं जड. इंजेक्शनचा परिणाम. लांबूनच फेरी मारली. म्हातारी दारातून ओरडत होती, बा, बा, बा. मी हात उंचावून आशीर्वाद दिला. आईला पत्रात सविस्तर कळवलं.

१२ डिसेंबर
चौदा नंबरचा म्हातारा पहाटे गेला. कंपाउंडर मल्लप्पा म्हणाला, चार दिस तापानं फणफणला हुता की ओ सायेब, कुनी सांगितलंच न्हाय. मी म्हटलं, नीलव्वाचं सांत्वन मीच करतो, ती मला बाप मानते. मल्लप्पा बघतच राहिला. म्हणाला, बाप कुटला? कानडीत बा म्हंजे ये. आत ये, म्हनत आसंल.
जेवलो नाही.

दुपारी
मला कानडी कोण शिकवणार होतं? कमिटीनं आधी सांगायला नको? माझा दोष नाही. हे तीनदा लिहिलं आणि खोडलं.
भवानी पेठेत चक्कर मारली. माग बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. तरी मागून कुणीतरी बोलावतंय. दोनदा वळून पाहिलं. फार भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते.

१३ डिसेंबर
चौदा नंबरात आत गेलो. नीलव्वा तट्ट्याला टेकून बसली होती. माझ्याकडे पाहिलं, पण बा म्हणाली नाही. कानडीत माफी कशी मागतात ते मला माहीत नाही.

संध्याकाळी
डॉक्टरांनी रजिस्टर पाहिलं. विचारलं, रोज आत जात होतात ना? तोंडातून हो निघून गेलं. म्हणाले, मग ताप एकाएकीच चढला असणार, तुमचा इलाज नव्हता. मल्लप्पा शेजारीच होता, खाली बघत. डॉक्टरांनी पाठ थोपटली. म्हणाले, त्या लोकांशी तुमचं छान जमतं असं ऐकलंय, उद्यापासून कानडी माणसांची अख्खी रांग तुमच्याकडे.
बावीस झोपड्या आहेत.