सरजामावशीच्या नावावरचा एक स्टार

प्रिय अश्व्या,

आधी कबूल करून टाकतो, मंग जेवढ्या शिव्या घालायच्या तेवढ्या घाल. तुझ्या गेमखाली सरजामावशीच्या नावानं जो एक स्टार पडलाय, आन् पुढं 'भंगार गेम, पोराला दुसरं काम न्हाई का' असं लिहिलंय, ते तुझ्या आईनं लिहिलेलं न्हाई. ते मी लिहिलंय. मावशी रिंगटोन बदलून घ्यायला माझ्या मोबाईलच्या दुकानावर आली होती. मोबाईल माझ्या हातात दिला आन् समोरच्या गाड्यावर मेथी बघायला गेली. तेवढ्यात माझ्या डोक्यात किडा वळवळला. गेम तिच्या मोबाईलवर टाकली, स्टार दिला, वाक्य लिहिलं, रिंगटोन बी बदलून दिली. वाटलं, तू फोन करशील, 'गोल्या, हे तुझंच काम' म्हणशील, दोघं पोट धरून हसू. पण वाक्य मी लईच जमवून लिहिलं रे. 'दुसरं काम न्हाई का' हे मावशी तुला तू वहीच्या मागं चित्रं काढायचास तवापासून म्हणत आली. तुला खरं वाटणारच. गेम मी तवा उघडून बी पाह्यली नव्हती, देवाशपथ.

तुझा फोन बंद हाय. मेसेजला एकच टिक. म्हणून हे पत्र. शाळेत मामाला पत्र लिहा म्हणले तवा मी वर्गातल्या शिवकन्याच्या वहीतून उतरवलं होतं, त्यात मामाचं नाव बी तिच्याच मामाचं राहिलं होतं. तवा हे जिंदगीतलं पहिलंच धर. चुका काढत बसू नको. गुरुबसप्पाकाका निलंग्याच्या एसटीवर ड्रायवर हायत, त्यांच्या हातानं पाठवून राहिलो. वाटेत लातूरला तुझ्या मेसवर देतो म्हणलेत. 'उघडून वाचणार न्हाई ना काका?' म्हणलं तर म्हणतात, 'तुझं अक्षर कोन वाचणार बे?'

तर झालं काय, दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा दुकानावर. 'गोलू, बघ रं, ह्याच्यात टिंग करून काय आलंय. मला बारीक दिसंना.' मी पाह्यलं. तुझं उत्तर आलं होतं. 'आई, चुकलं माझं. सोमवारी गेम काढून टाकतो.' एवढंच. आता हे वाचून दाखवू का गिळून टाकू? मी म्हणलो, बँकवाले हायत मावशी, लोन घ्या म्हणून राहिले. 'मंग पुस की ते,' म्हणली आन् मी पुसायच्या आत तिनंच बोट लावलं. बोट पडलं नेमकं तुझ्या गेमवर. गेम उघडली.

अश्व्या, पुढचं मला नीट सांगता येईल का न्हाई, ठाऊक न्हाई. मी आजपतोर गेम म्हणलं की गोळ्या घालायच्या न्हाईतर गाडी पळवायची, एवढंच समजत होतो. हितं उघडली आन् समोर तुमचं घर. मागच्या साली गोदावरीनं धुवून नेलं ते घर. पत्र्याच्या फटीत खोचलेली फणी. कॅलेंडरच्या कोपऱ्याला टोचलेली सुई, तिला लोंबणारा लाल दोरा. वाकळंच्या चवडीखाली कात्री. तुझ्या बाबांचा, केरबाकाकाचा, रेल्वेच्या ड्युटीचा डबा, त्याची कडी तुटली तवा तार गुंडाळली होती, ती तार बी हाय. मी त्या घरात निम्मी जिंदगी जेवलो, पण इतकं काही मी पाह्यलंच नव्हतं रे. तू कवा पाह्यलंस? भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो बी हाय, पण तो शोधायच्या वस्तूत तू टाकला न्हाईस. बरं केलंस. पुरात मावशीनं पहिला तोच बाहेर काढला होता.

मावशी मोबाईलवर वाकली. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. मंग लई हळू आवाजात म्हणली, 'गोलू, माझ्या घरात कोन शिरलं रं?'

मी म्हणलो, अश्वजितनं काढलंय हे. स्टूल पुढं केला तर बसली न्हाई, उभ्यानंच बघत राह्यली. मी खेळून दाखवलं. खाली नावं येतात, झारा, अडकित्ता, चावी. बाहेरून दाराकडं पाणी येऊन राहिलं, उंबऱ्याला टेकायच्या आत जे सापडंल ते वाचतं, शाळेच्या गच्चीवर जाऊन बसतं. न्हाई सापडलं ते गेलं. मला एक फणी तेवढी सापडली. मावशीनं मोबाईल हिसकावून घेतला. 'आंधळा हायस का? अडकित्ता पानाच्या डब्याखाली न्हाई का, तिथंच तर असतो.' टक टक टक बोट लावत सुटली. दुकानात दोन गिऱ्हाईकं आली, त्यांना मीच म्हणलो, थांबा, घर वाचवून राहिलो.

मंग तिला खाली लोकांनी लिहिलेलं दिसलं. म्हणली, हे काय म्हणून राहिलेत माझ्या घराला, वाच. कुठल्या कुठल्या भाषा, मोबाईललाच मराठी करून दे म्हणलं. एकानं लिहिलं होतं, 'चावी धान्याच्या डब्यात? हा काय मूर्खपणा हाय, चार वेळा घर बुडालं माझं.' मावशी म्हणली, 'मंग काय दारात टांगून ठेवू, या चोरांनो म्हणून?' दुसरा म्हणतो, एका खोलीत इतकं सामान कुठं राहतं, गेम खोटी वाटती. त्याच्यावर तर लईच भडकली. 'त्याला म्हणावं ये राहायला. सामान हाय, चार माणसं हायत, वर हा गोलू जेवायला. सगळे मावतात म्हणावं.' मी म्हणलो, मावशी, इथून त्याला लिहिता येत न्हाई. तर म्हणती, 'मंग मोठ्यानं बोलते, ऐकू दे.' एका पोरीनं लिहिलं होतं की हे घर बघून वाटतं, बाई आत्ताच कुठंतरी शेजारी गेलीय, येईलच. ते मावशीनं मला पुन्हा वाचायला लावलं. ऐकून म्हणली, 'रुक्मिणकडं गेले असंन.' माझी आई ती! म्हंजे मावशीनं स्वतःच्या घरात नसायचं कारण बी देऊन टाकलं.

आता मी तुला खरं सांगतो, मला त्या दिवसापासून झेपून न्हाई राहिलं. मी भिंतीला टेकून निस्ता विचार करतो. ब्राझीलमधी एक बाई हाय. कामावर जायच्या आधी ती सरजामावशीचा झारा शोधती. ब्राझील कुठंय मला दाखवता येणार न्हाई, तिला आपली गल्ली ठाऊक न्हाई, पण झारा चुलीमागं फुकणीजवळ असतो हे तिला ठाऊक हाय. कुठला तरी म्हातारा हाय, बरफाच्या देशातला. त्यानं लिहिलंय, माझ्या नातवानं सगळं वाचवलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. गोदावरीनं एका दुपारी जे नेलं ते इतकी माणसं रोज बाहेर काढून राहिली अश्व्या. ज्यांनी कवा मावशीला पाह्यलं न्हाई ती तिच्या सुईसाठी पळून राहिली. एवढं मोठं काही आपल्या गल्लीतून निघंल असं मला कवाच वाटलं नव्हतं. तू काढलंस ते. तू, ज्याला मी 'नापास चित्रकार' म्हणायचो. मी बारावी दोनदा देऊन बी नापास, आन् तुला नापास म्हणायचो.

पण एका गोष्टीवरून सगळे रडून राहिले तुझ्या नावानं. मशीन. मावशीची शिलाई मशीन उचलतच न्हाई. कितीबी बोट लावा, हलती जरा, आन् तिथंच. कोणी म्हणतं गेम बिघडलेली हाय. कोणी म्हणतं आधी शिडी सापडली की उचलती, दुसरा म्हणतो झूठ, मी करून पाह्यलं. भांडणं लागलीत मशीनवरून. ब्राझीलची बाई म्हणती, बाकी सगळं वाचतं, पण ती मशीन बुडताना बघवत न्हाई, मी डोळे मिटून घेते. हे मी वाचून दाखवलं तवा कुठं मावशी स्टुलावर बसली. मोबाईल मांडीवर पालथा ठेवला. म्हणली, 'बिघडली न्हाई ती. लोखंडाची हाय. एकट्यानं उचलत न्हाई, दोघं लागतात. पोराला ठाऊक हाय ते.'

आता तुला एक सांगतो. सांगू नको म्हणून तिनं मला शपथ घातली होती, ती मोडून राहिलो. पुराच्या आदल्या दिवशी तिनं तुला फोन केला होता, नदी फुगली, ये, मशीन हलवू. तू म्हणलास, दरवर्षीच म्हणतात, परवा येतो. त्यात तुझं काय चुकलं? आम्ही बी तेच म्हणत होतो. केरबाकाका तिकडं रुळावर ड्युटीला अडकलेले. मी माझ्या आईला शाळेच्या गच्चीवर सोडून परत आलो तवा तुमच्या घरात पाणी कमरंला. मावशी फोटो डोक्यावर बांधून मशीनला धरून उभी. मी म्हणलो, सोडा, चला. तर म्हणती, 'अश्वजित येतो म्हणलाय, दोघं उचलू.' मी म्हणलो, मी हाय ना, मी धरतो. धरली बी आम्ही दोघांनी, पण पाण्यात पाय टिकंना. मंग मी तिचा हात ओढला. तिचा हात सुटंना मशीनवरून. मी बोटं एकेक सोडवली रे तिची. 

तवापासून ती तुझ्याशी बोलत न्हाई. तुला वाटतं, ती चिडली. मला बी वाटायचं. त्या दिवशी दुकानात विचारलंच मी, मावशी, कामून बोलत न्हाई त्याच्याशी? तर म्हणती, 'काय बोलू? बोलले की तेच तोंडातून निघंल, मी वाट पाह्यली म्हणून. पोरगं जिंदगीभर तेच घेऊन बसंल. त्यापेक्षा गप बरी.' मंग मोबाईलकडं बोट करून म्हणली, 'पण त्याला कुणी न सांगताच कळलंय की रं सगळं.'

आता हे पत्र कामून लिहून राहिलो ते ऐक. काल मावशीनं विचारलं, 'गोलू, ह्या गेममधी आनखी एक माणूस घालता येतो का? मशीनच्या दुसऱ्या बाजूला?' मी म्हणलो, मला काय ठाऊक, ज्यानं बनवली त्यालाच विचारावं लागंल. 'मंग मीच जाऊन सांगते,' म्हणली. रविवारी सकाळच्या गाडीनं ती लातूरला येऊन राहिली. एकटी. धपाटे बांधून. आन् तू सोमवारी गेम काढून टाकणार! काढू नको अश्व्या, पाया पडतो. ती आली की तिला बसव, आन् ती म्हणंल तिथं माणूस काढ. बाकीचं तुमचं तुम्ही बघा. पण दार उघडल्यावर 'आई, तू एक स्टार दिलास ना' असं चुकून बी म्हणू नको, तिला स्टार दिलेलाच ठाऊक न्हाई. मी तो कवाच पुसला असता, पण मावशी मोबाईल हातातून सोडंल तर ना, दिवसभर घर वाचवून राहिली. तिला कळलं तर ती मला जेवायला बोलवायची बंद होईल. माझ्या आईला कळलं तर इथलं बी बंद. मंग मी जेवू कुठं? ती येणार हे मी सांगितलं ते बी सांगू नको, अचानक आल्यासारखं तोंड कर, तुला जमत न्हाई तरी कर. शपथ मोडली ते सांगू नको. गुरुबसप्पाकाकाला बी विचारलं तर म्हण, पत्रात काही न्हाई, निस्ती खुशाली हाय. कुणालाच सांगू नको रे, हात जोडतो, कुणालाच.

तुझाच,
गोल्या