पालथा कप

मी, नोकुफीवा म्चुनू, वय सव्वीस, राहणार क्वामाशू, डरबन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. हृदय बिघडले असले तरी डोके ठिकाणावर आहे, आणि हे लिहायला मला कोणी भरीस पाडलेले नाही.

१. क्वामाशूतले चार खोल्यांचे घर आईने जाताना माझ्या नावावर ठेवले. ते विकायचे दादाने, म्हणजे सिबोनेलोने, आणि मी मिळून ठरवले आहे. रविवारी ते गिऱ्हाइकांना दाखवायचे आहे. मी मागे उरले नाही, तर घर दादाचे. मात्र कलम चार पाळल्याशिवाय त्याने किल्ली कोणाच्याही हाती देऊ नये.

२. विकाऊ घरे सजवणे हे माझे काम. माझे रंगाचे रोलर, दिवे, पांढऱ्या चादरी आणि उशा प्रेमा मूडली यांना द्याव्यात. हे काम त्यांनीच मला शिकवले. "राहणाऱ्याची एकही खूण ठेवायची नाही, पोरी. बघायला येतो त्याला स्वतःचा संसार दिसला पाहिजे." मला ते पटले होते. आमच्या वस्तीतली घरेही उजेडात, ताठ मानेने उभी राहावीत असे मला वाटे, आणि अजून वाटते. पण आईचा फोटो उतरवताना त्या म्हणाल्या, "टाक कुठेतरी कोपऱ्यात." ते मी विसरलेले नाही. फोटो दादाने त्याच्या बैठकीत लावावा, चर्चची माणसे येणार असली तरी.

३. पदवीदानाचा झगा आईने भाड्याने न आणता शिवून घेतला होता. गल्लीतली जी मुलगी पुढे पदवी घेईल, तिला तो द्यावा. आमच्या घरातला तो पहिला, गल्लीतला शेवटचा नसावा. दादा त्याला वटवाघूळ म्हणतो. म्हणू दे.

४. घर सजवताना स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी दोन नवे कप आणि ताटलीत लिंबे मांडली. कोणीतरी आत्ता चहाला बसेल, असे वाटावे म्हणून. सकाळी दोन्ही कप पालथे होते. मी ते सरळ केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पालथे. किल्ली माझ्याच गळ्यात असते.

झुरळे फिरतात म्हणून आई कप नेहमी पालथे ठेवायची. याच टेबलाशी, चहा ओतता ओतता, ती गेली.

शेजारच्या माशेझी आजींना मी हे सांगितले. त्या हसल्या नाहीत. "तिला न्यायला कुणी आलंच नाही ना, बाई! मग जाणार कुठे? आवरत बसलीय बिचारी."

"आजी, मी शिकलेली आहे."

"मग ठेव की कप सरळ!"

माणूस जिथे गेले, तिथून त्याचा आत्मा झाडाच्या फांदीवर बसवून न्यायची आमची रीत आहे. मातीच्या दिवशी दादाने ती फांदी धरायला साफ नकार दिला होता. "मी चर्चचा डीकन! भरल्या टॅक्सीत काटक्यांशी गप्पा मारू? लोक माझ्या टोपीत नाणी टाकतील!"

तर दादाने आता उम्फाफाच्या झाडाची काटेरी फांदी आणावी. ती टेबलाला टेकवून आईला नावाने हाक मारावी आणि सांगावे, की घर विकतोय, तू माझ्याकडे चल. टॅक्सीत तिच्या जागेचे भाडे द्यावे. कुठे वळलो, कोणता पूल आला, ते तिला सांगत राहावे. हातात फांदी असेपर्यंत दुसऱ्या कोणाशी बोलू नये. निघताना टेबलावर एक कप सरळ ठेवून दाराला कुलूप लावावे. परत येऊन पाहावे. कप सरळ असेल तर खुशाल किल्ली द्यावी. पालथा असेल तर आई अजून घरातच आहे. परक्यांच्या संसारात तिला कोंडून ठेवू नये.

५. दादा, तुझ्या हाकेला ती उठेल असे मला वाटत नाही. तू आजवर तिला घाईतच हाक मारलीस. म्हणून, मी इस्पितळातून परतले नाही, तर आधी फांदी घेऊन तिथल्या माझ्या खाटेशी ये. मला घरी आण, टेबलाशी टेकव आणि थोडा वेळ गप्प राहा. मी उठवीन तिला.

परतताना टॅक्सीत तीन जागांचे भाडे दे.

वरील सर्व मी वाचून पाहिले आहे. ते माझ्या मनासारखे आहे. आम्ही तिघींनी एकमेकींच्या समोर सह्या केल्या आहेत.

सही: नोकुफीवा म्चुनू

साक्षीदार:
१. माशेझी म्बाथा, शेजारीण
२. लिंडिवे हडेबे, शिक्षिका

ठिकाण: क्वामाशू, त्याच टेबलाशी
मंगळवार, १४ मे २०२४