परसातल्या तीन बोरी

१ जानेवारी १९७८, रविवार

दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही. माफ कर, वही. लिहिण्यासारखं पुष्कळ झालं. त्यातलं मुख्य लिहवत नव्हतं, म्हणून बारीकसारीकही राहून गेलं.

ताईंचे यजमान गेले. सिंधूताई म्हणजे माझी थोरली नणंद. मूलबाळ नाही. मौद्याचं घर आणि शेत दिराच्या, बळीरामच्या ताब्यात गेलं. पंधरा दिवसांपूर्वी हे जाऊन ताईंना घेऊन आले. एक ट्रंक, एक वळकटी. सध्या त्या स्वयंपाकघरात निजतात. असं किती दिवस चालणार? परसात एक खोली बांधायची ठरली आहे, आणि तिच्यासाठी तीन बोरींपैकी एक पाडावी लागणार!

देवाजी गवंडी काल जागा पाहून गेले. म्हणाले, "पूर्वेची पाडा बाई. हवा हाय, उजेड हाय. पश्चिमेले संडासाची भिंत येते."

पूर्वेची म्हणजे माझी बनारसी. मी स्वतः डोळा भरलेली, म्हणजे गावठी रोपावर कलम केलेली!

म्हटलं, संक्रांतीपर्यंत थांबा. तिन्हींची रीतसर तुलना करते. ज्या झाडाचं फळ हलकं, ते झाड जाईल. हे हसले. "निकाल लागला की अजून लागायचा आहे?" मी सांगितलं, लागायचा आहे. खरंच लागायचा आहे का? दार लावून हेच मघापासून स्वतःला विचारते आहे.

४ जानेवारी

शाळेतला तराजू आणला, मोठ्या बाईंना विचारून. प्रत्येक झाडाची दहा फळं तोलली.

पश्चिमेची सेब. ह्यांनी तयार कलम विकत आणलेलं. फळ सगळ्यांत मोठं, दिसायला देखणं, साल पातळ. चवीला नुसतं गोड, मागे काही उरत नाही. (हे ह्यांचं झाड म्हणून लिहीत नाही ना? पुन्हा खाऊन पाहिलं. नाही.)

मधली मेहरूण. डोळे जळगावहून आले होते. लहान, तांबडं, गोडी भरपूर. पण आठोळी मोठी आणि गर कमी.

पूर्वेची बनारसी. काय सांगू! दाताखाली कुरकुरते. आधी गोडी, मग जिभेच्या कडेला बारीक आंबटपणा, आणि पुन्हा एक बोर घ्यावंसं वाटतं. पुस्तकात बनारसी लांबट म्हटली आहे, आमची गोल. आपली काळी माती, दुसरं काय. डोळे बनारसहून आले होते, ओल्या गोणपाटात बांधून, रेल्वेतल्या एका ओळखीच्या गृहस्थाकडून. दोन दिवसांचा प्रवास आणि अर्धे सुकलेले. तरी एकोणसत्तरच्या जेठात मी ते भरले, आणि झाड उभं राहिलं. कॉलेजातल्या प्रात्यक्षिकांत माझा हात कधीच वाईट नव्हता.

६ जानेवारी

ताईंनी खाली पडलेलं एक बोर उचललं. मी जवळजवळ ओरडलेच, "ताई, संक्रांतीपर्यंत नाही! मोजणी आहे." त्यांनी बोर होतं तिथेच ठेवलं. "काहून वं, बोराले बी कुलूप लावतेस काय?"

मलाच लाजल्यासारखं झालं. पण नियम म्हणजे नियम.

१५ जानेवारी, रविवार

हळदीकुंकू झालं. एकोणीस बायका!

तिन्ही जातींच्या फोडी केल्या, म्हणजे आकारावरून कोणी ओळखायला नको. द्रोणांना लाल, पांढरा, निळा दोरा. कोणत्या दोऱ्याला कोणती जात, हे फक्त ह्यांना माहीत. जी चव आवडेल त्या रंगाच्या वाटीत प्रत्येकीनं हरभऱ्याचा एक दाणा टाकायचा. शेजारच्या प्रयागबाई म्हणाल्या, "अवं, वाण लुटाले आलो का निवडणुकीले?" पण टाकला दाणा. दोन दाणे टाकत होत्या, मी हात धरला.

लाल चार, निळा दोन, पांढरा तेरा. ह्यांनी चिठ्ठी उघडली. पांढरा म्हणजे बनारसी! निळा म्हणजे सेब.

शाळेतल्या लतिकानं विचारलं, "कुठून आणलं गं हे?" मी सांगितलं, डोळा मी स्वतः भरला. नंतर आठवून पाहिलं, हे वाक्य मी दिवसभरात चारदा म्हटलं. चौथ्यांदा तर कोणी विचारलंही नव्हतं. तिला आणि प्रयागबाईंना जेठात डोळे द्यायचं कबूल केलं.

ताई आतच होत्या. त्यांना कोणी काही म्हटलं नाही, त्या आपणच आल्या नाहीत. विधवा बाईनं हळदीकुंकवात बसायचं नाही, हे कोणाला सांगावं लागतं? मी तिळगूळ आत नेऊन दिला. बोरं द्यायची राहिली.

१७ जानेवारी

देवाजींना निरोप दिला. सेब पाडायची, खोली पश्चिमेला. ते सोमवारी येतील. हे एवढंच म्हणाले, "म्हणजे माझं झाड गेलं." चेष्टेतच म्हणाले. ताईंच्या खिडकीतून संडासाची भिंत दिसेल. भिंतीला चुना लावून घेऊ.

१९ जानेवारी

आज दुपारी ताईंना वाटीभर बनारसी दिली. एक बोर तोंडात टाकलं आणि त्या चावायच्या थांबल्या. आठोळी हातावर काढून पाहिली. दुसरं खाल्लं.

"हे तं आमच्या वावराच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं बोर व्हय!"

मी म्हटलं, "नाही ताई, हे बनारसी."

"मी लहान हाय काय वं? चाळीस वर्सं खाल्लं. त्याच झाडाच्या आठोळ्या तं तुले पिशवीभर धाडल्या होत्या. आता ते झाड बी नाही. बळीरामानं तेरवी झाल्याबरोबर सरपण केलं त्याचं."

आठोळ्या त्यांनी पाठवल्या होत्या, खरं आहे. गावठी रोप खालचा खुंट म्हणून लागतं. पण वर डोळा बनारसीचा आहे, मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"असंन बाई. तू शिकेल हायस."

२० जानेवारी

शाळेतून आल्यावर खुरपं घेऊन बुंध्याची माती उकरली.

मेहरूणचा सांधा स्वच्छ दिसतो. खालची साल वेगळी, वरची वेगळी. बनारसीला तसा सांधाच नाही. मातीखाली, मुळांपासून वीतभर वर एक वाळलेलं खुंटूक आहे, त्यावर माझ्या चाकूची काळी पडलेली खूण. डोळा तेव्हाच मेला होता. झाड वाढलं आहे ते त्याच्या खालून, ताईंच्या गावठी खुंटातून फुटलेल्या फांदीचं. दर वर्षी नववीला मी काय शिकवते? "डोळ्याखालची फूट दिसली की काढून टाका." मी काढली नाही. तीच माझी बनारसी समजले आणि आठ वर्षं जपली.

माती परत लोटली. कोणी पाहिलं नाही.

छाटणी मी केली. भुरी आली तेव्हा औषध मी मारलं. तेवढं तरी माझं आहेच ना? आहे. पण ते तेरा दाणे ताईंच्या बोराला पडले. आणि त्यांनी ओळखलं तेव्हा मी त्यांना गप्प केलं.

२१ जानेवारी

सांगितलं नाही. दोनदा तोंडाशी आलं.

२२ जानेवारी, रविवार

जेवताना सांगितलं. सगळं, खुंटकासकट. म्हटलं, "ताई, झाड तुमचंच आहे. एकोणीस बायकांत पहिलं आलं!" आणि हे सांगताना छाती भरून आली. माझ्या बनारसीच्या वेळीसुद्धा एवढी आली नव्हती.

ताई पदर तोंडाला लावून हसल्या. मग म्हणाल्या, "माहं झाड पहिलं आलं, अन् मले संडासाजवळ ठेवून राहिली काय वं?"

आणि लगेच पुढे:

"अन् उद्या ते दुसरं झाड काहून तोडता? समोर खोली हाय नं. महिन्यापासून पाहून राहिली, तिथं पुस्तकंच निजतात."

ती माझी खोली. आत्ता हे लिहिते आहे, ती. तिन्ही झाडांची मापं घेतली, पण ही खोली मोजणीत धरावी असं ना मला सुचलं, ना ह्यांना.

पुस्तकं पडवीत काढली. ताईंची वळकटी इथे आली.

उद्या: देवाजी कुऱ्हाड घेऊन निघण्याआधी, सहालाच त्यांच्या घरी जाऊन 'येऊ नका' म्हणून सांगणे.