दोन तळव्यांमधलं पाणी

आई, आज कारखान्यात मला तुझे हात दिसले. हसशील, पण ऐक.

कुंभिवलीजवळच्या औषधांच्या कारखान्यात मी गोळ्या तपासते. त्यातली एक तुझ्या आजाराची, एचआयव्हीवरची. दुपारी आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी संगणकावर त्या विषाणूची कात्री दाखवली. तो आपली प्रथिनं एकाच लांबलचक साखळीत तयार करतो, ही कात्री ती कापून सुटी करते. कापली नाहीत, तर तो विषाणू कुणाला बाधत नाही. कात्रीचे दोन भाग हुबेहूब सारखे, पण एकटा भाग बिनकामाचा. दोन्ही जुळले की मधे फट होते, फटीत पाण्याचा एक कण, आणि कात्री कापते ती त्या पाण्याच्या जोरावर. आमची गोळी त्याच फटीत ठाण मांडून बसते. "एवढंच?" मी विचारलं. "एवढंच गं," मॅडम म्हणाल्या. मी चहा विसरून बघत राहिले. इतकं नेटकं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानंच तुला नेलं, राग यायला हवा होता, आला नाही.

आणि मग दिसलं ते हे: भिसेगावच्या घरात तू चुलीपुढे बसली आहेस. तांदळाची भाकरी दोन ओल्या तळव्यांमधे थापतेस. थोरल्या काकूनं तुझा पेला, ताटली कधीच वेगळी काढली आहे. "हिच्या हातचं पोरीला देऊ नका," हे तुझ्यादेखत बोलून झालं आहे. मी शाळेतून आले आहे.

"खा गं, गरम हाय."

"भूक नाय."

"बरं, झाकून ठेवते. मंग खा."

मॅडम असंही म्हणाल्या, की असले विषाणू लाखो वर्षांपूर्वी माणसाच्या वंशात शिरले आणि त्यांचे अवशेष आपल्या सगळ्यांच्या अंगात आहेत, कुठे कुठे मोडकी कात्रीसुद्धा. म्हणजे काकूच्याही. तिनं स्वतःचा पेला कुठे ठेवायचा होता?

पण काकूवर ढकलून मी सुटत नाही. या पत्राला पत्ता नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी काकू घरात नव्हती, मला कुणी अडवलं नव्हतं. भाकरी मी परसात कोंबड्यांना टाकली. "खाल्लीस?" तू विचारलंस. मी हो म्हणाले. तू इतकी खूश झालीस, की दुसरी थापायला हातावर पाणी घेतलंस.