पहाटेचं थेट विमान

प्रिय ठमे,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस. इथे सगळे धडधाकट आहेत. पण फोनवर बोलताना विमान आडवं आलं की तू "आई, आवाज येत नाहीये" म्हणून ठेवून देतेस. हल्ली तर डोक्यावर विमान नसतानाही ठेवतेस. पत्राला तसं करता येत नाही, तेव्हा आता गुमान शेवटपर्यंत वाच.

गल्ली तू सोडून गेलीस तशीच आहे, आवाज तेवढा वाढलाय. समोरचं जोडपं अजूनही भांडतं. विमान आलं की दोघंही कमरेवर हात ठेवून थांबतात आणि ते गेलं की जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू करतात. माझ्या गाण्याच्या वर्गात पोरी वरचा सूर धरतात, तेवढ्यात वरून घरघर सुरू होते. मग नुसती उघडी तोंडं दिसतात. आवाज विरेपर्यंत सूर कुठल्या कुठे घसरलेला असतो. पुन्हा पहिल्यापासून. मी वैतागते आणि बिचाऱ्या पोरींवर ओरडते.

मागच्या वर्षी विमानतळाचं नवं सरकारी धोरण आलं, तेव्हा शाळेच्या सभागृहात आम्हा शेजाऱ्यांची सभा झाली होती. एक गुळगुळीत अधिकारी आला होता. पडद्यावर मोठ्या अक्षरांत "जगाशी जोडणी, शेजाऱ्यांशी सलोखा" असं झळकत होतं. दोन्हीला म्हणे सारखाच अग्रक्रम. जोडणीवर तो तासभर बोलला आणि सलोख्याची पाळी आली तेव्हा चहा आला. माझा आवाज मोठा म्हणून गल्लीने मला पुढे केलं होतं. रात्रीची विमानं बंद करा, शाळेला दुहेरी काचा बसवा, सगळं मी घोकून गेले होते. आणि त्या माणसाने नव्या थेट विमानांची नावं वाचली, त्यात तुझं शहर! पहाटे इथे उतरणार, सकाळी परत जाणार. "दोन विमानं बदलून, लहान पोराला घेऊन कशी येऊ गं आई," हे तुझं वाक्य मी किती वर्षं ऐकत होते!

मग मी उभी राहिले आणि बाकी सगळ्यावर त्याला धारेवर धरलं. रात्रीची विमानं बंद करून घेतली, शाळेच्या काचा पदरात पाडून घेतल्या. फक्त हे एक पहाटेचं विमान राहू द्या, म्हणाले. औषधांच्या दुकानाचे काका बाहेर पडताना सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, लेकीसाठी गल्लीची झोप विकलीत." मी म्हटलं, "हो, विकली. तुमची लेक दोन गल्ल्या पलीकडे राहते." तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. गोळ्या नुसत्या काउंटरवर सरकवतात.

विमान सुरू झालं. तू म्हणालीस, सुट्टीत येते. मग पोराची शाळा बदलली, मग तुझं नवं काम, मग "पुढच्या वर्षी नक्की". आणि इकडे तुझे बाबा! तुला खरं वाटणार नाही, पण ते विमान येण्याआधीच उठून झारी घेऊन गॅलरीत जातात. झाडांना पाणी घालतोय, असं म्हणतात. दोन कुंड्यांतली रोपं कुजली पाणी घालून घालून. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, ती आली तर फोन करून येईल, वरून उडी मारणार नाही." तर म्हणाले, "कोण ती?" घ्या! या माणसासोबत मी अख्खा जन्म काढलाय.

ठमे, अडचण विमानाची कधी नव्हतीच, हे तुलाही माहीत आहे नि मलाही. तू तुझ्या मनाने लग्न ठरवून निघालीस, तेव्हा बाबा दारात उभं राहून म्हणाले, "आता आली नाहीस तरी चालेल." ते वाक्य तू गाठीला बांधून नेलंस. आणि ते गेले गॅलरीत. मधल्या मधे मी मेले तुम्हा दोघांचे निरोप पोचवून.

गेल्या आठवड्यात पुन्हा सभा झाली, धोरणाने वर्षभरात काय साधलं ते सांगायला. तोच अधिकारी आला होता. औषधवाल्यांची सून तान्ह्याला खांद्यावर टाकून समोर बसली होती. बाळ रोज पहाटे दचकून उठतं आणि मग ती दिवसभर अशी पेंगत असते. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी उठले आणि म्हणाले, "हे विमान दिवसा आणा. जमत नसेल तर बंद करा." तो गोंधळला. "पण बाई, मागच्या वेळी तुम्हीच..." "हो, मीच," मी म्हटलं, "तेव्हा मला वाटलं होतं, कुणीतरी येणार आहे." दिवसा धावपट्टीवर जागा नाही म्हणे. महिनाअखेर ते विमान बंद होतंय. तू रागावलीस तर रागाव. मी गल्लीशी आणखी किती भांडू?

त्या रात्री जेवताना तुझे बाबा एकदम म्हणाले, "बंद व्हायच्या आधी मीच जाऊन येतो." मला वाटलं, बाजारात. दुसऱ्या दिवशी बॅग काढून पुसत बसले. तिकीट काढलंय, या महिन्याच्या शेवटच्या रविवारचं. तुला कळवू नको, अशी मला ताकीद आहे, म्हणून हे पत्र. ते माफी मागणार नाहीत, त्यांना ते येतच नाही. दारात उभे राहतील आणि हवापाण्याबद्दल काहीतरी बोलतील. तेवढ्यावर भागव. त्यांना दारात फार वेळ उभं ठेवू नकोस गं, गुडघे दुखतात त्यांचे.

तुम्हा दोघांपुढे हात टेकलेली, तरी तुझीच,
आई