मशीनच्या तोंडावरची पिशवी

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय ताई,

मी मजेत आहे, वेळेवर जेवतो, काळजी करू नकोस. तुझ्या चिमणीचा खोकला कसा आहे? फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मीही मधेच विषय बदलतो.

इथे एका फर्निचरच्या गोदामात लागलोय. दोन महिन्यांतली तिसरी नोकरी. हसू नकोस. मुकादम म्हणतो, "एका जागी बसलं की तुला मुंग्या चावतात का रे?" चावतात बहुतेक. पण इथला वारा मोकळा आहे. दिवसभर राबून तोंड पुसलं तरी रुमाल पांढराच.

तर मुद्दा. नाही, आधी हवेचं सांगतो. पावसाळ्यात हवा धुऊन निघते, धूळ मोजायच्या मशीनवरचे आकडे खाली येतात. थंडीत धूर वर जातच नाही, डोक्यावर ठाण मांडून बसतो. मग चौकातला हवेचा बोर्ड लाल होतो आणि मैदानावरचा मुलांचा सराव बंद. तो बोर्ड शाळेच्या गच्चीवरच्या माझ्या मशीनवर चालायचा, हे तुला ठाऊकच आहे.

डिसेंबरात गच्चीची भिंत खरवडायला माणसं आली. नुसता भुगा उडत होता. मशीन बिघडेल म्हणून मी त्याच्या तोंडावर जाड कापडी पिशवी बांधली. धूळ मोजायच्या मशीनला धुळीपासून वाचवायला निघालो, बघ माझी अक्कल! संध्याकाळी सोडायची होती. पण मित्राने नवी मोटरसायकल आणली, आम्ही भटकायला गेलो आणि तीन दिवस मी गच्चीवर फिरकलोच नाही.

तीन दिवस बोर्ड हिरवा होता, ताई.

तो हिरवा बघूनच भाऊजी चिमणीला पळायला न्यायचे. तुला बाहेर धुरकट दिसत होतं, तू नको म्हणालीस. तर ते म्हणाले, "अगं, तुझा भाऊच सांभाळतो ना ते मशीन? मग?" तिसऱ्या संध्याकाळी मैदानातच तिला धाप लागली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी तिच्या तोंडावर वाफेचा मास्क धरून बसलो होतो. तू भाऊजींना म्हणालीस, "डोळे फुटले होते का तुमचे? बाप आहात की कोण?" त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता विचारतील. पण ते औषधांची चिठ्ठी घेऊन बाहेर गेले. पिशवी मी त्याच सकाळी सोडली होती. बाहेरून काळी, आतून स्वच्छ. ती माझ्या खिशात होती आणि मी गप्प.

आठवड्यात नोकरी सोडली. 'जरा फिरून येतो' म्हणालो. तुम्हा सगळ्यांना ते नवीन नव्हतंच.

काल आईचा फोन आला. म्हणाली, भाऊजी महिनाभर त्यांच्या भावाकडे राहतायत, चिमणीला त्यांच्याबरोबर एकटीला तू सोडत नाहीस. मला रात्रभर झोप नाही.

त्यांची चूक नव्हती गं. त्यांनी बोर्ड नीट वाचला होता.

मशीनच्या ऑफिसातल्या साहेबांनाही आज सगळं लिहून कळवलंय. माझ्यावर चिडायचं तेवढं चिड, मी शनिवारी येतोच आहे. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. पण त्याआधी हे पत्र भाऊजींच्या हातात दे आणि त्यांना घरी घेऊन ये.

ज्याच्या भरवशावर भाऊजी बाहेर पडले, तो
तुझा धाकटा